अक्कांना न पाठवलेली नोटीस

अक्का गेल्याचं मला आठव्या दिवशी कळलं. तुमच्या आईचा, नीलाचा, अमेरिकेहून फोन आला. एरवी तो रविवारी येतो, हा बुधवारी आला, आणि तिने आधी विचारलं, "जेवलीस का? कामाची बाई आली आहे ना? बसली आहेस की उभी आहेस?" सकाळी साडेआठ वाजता जेवलीस का म्हणून विचारणाऱ्या मुलीला काहीतरी सांगायचं असतं आणि सांगायचं नसतं... मी म्हटलं, "कोण गेलं ते सांग." मग तिने सांगितलं. रुक्मिणीअक्का, आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी. दुपारची कॉफी घेऊन जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. अक्कांच्या सुनेने, वसुधाने, त्याच दिवशी तुमच्या आईला कळवलं होतं. तुमची आईच तिला म्हणाली, माझ्या आईला एवढ्यात सांगू नकोस, ती एकटी असते, तिला सहन होणार नाही, मी सावकाश सांगेन. अक्कांचं घर माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. त्यांना शेवटचं नेलं तेव्हा मी घरी बसून तांदूळ निवडत होते.

मला फार राग आला. दोन दिवस मी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी राग उतरला, कारण मी स्वतः एकदा हेच केलं होतं आणि तेही अक्कांच्याच बाबतीत. ते तुम्हां दोघांना माहीत नाही, तुमच्या आईलाही नाही. एका मराठी पुरवणीच्या संपादकबाईंनी मला 'मद्रासमधल्या बायकांच्या गोल्फचे जुने दिवस' असा लेख मागितला आहे. लेख त्यांच्यासाठी आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर तुम्ही आहात, आदित्य आणि मीरा. तुमचं मराठी वाचन अडखळतं, तेव्हा हे तुमची आईच वाचून दाखवील. तिनेही नीट वाचावं.

अक्का माझ्या नात्यातल्या नव्हत्या. पन्नासच्या दशकात तुमच्या आजोबांची रेल्वेतली बदली मद्रासला झाली आणि मी पुण्याहून इथे आले, तेव्हा मला इथे बोलायलाच कोणी नव्हतं. बाजारात खुणा करायच्या आणि घरी सासूबाईंशी बोलायचं. आजोबा क्लबचे सभासद होते आणि मंगळवारी सकाळी तिथे बायकांना गोल्फ खेळायची परवानगी होती, म्हणून त्यांनी एकदा मला नेऊन सोडलं. मी झाडाखाली घाबरून उभी होते. मागून आवाज आला, "तेथें नको गे उभी राहूं, चेंडू डोईत बसेल!" मी वळून पाहिलं तर नऊवारी नेसलेली, उंच, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, डाव्या हातात कातडी मोजा, अशी एक बाई. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच, "तुम्ही मराठी? किती दिवस झाले इथे येऊन?"

"तीनशें वर्षें," त्या म्हणाल्या. "तुज किती?"

"दोन महिने."

"सरि, सरि. मग शिकशील."

अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी माझ्या आजीच्याही आधीचं वाटायचं आणि त्यात 'बरं'ऐवजी 'सरि' असे तमिळ शब्द इतके सहज येऊन बसायचे की ते तमिळ आहेत हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही. त्या गणित घेऊन बी.ए. झाल्या होत्या, नवरा हायकोर्टात वकील, एक मुलगा, घरात सासू, नुंगंबाक्कमला बंगला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. मला त्या शेवटपर्यंत 'पुणेकरीण' म्हणाल्या. नऊवारीची मी एकदा थट्टा केली तेव्हा त्यांनी मला पाचवारीत पूर्ण ताकदीने काठी फिरवायला लावली. मी निऱ्यांत अडकून गुडघ्यावर पडले. "बघ," त्या म्हणाल्या, "कासोटा गोल्फसाठींच काढिला आहे. आपल्या बायकांना ठाऊक नव्हतें इतकेंच."

तुम्ही तिकडे टीव्हीवर जी हिरवीगार मैदानं बघता तसं आमचं मैदान नव्हतं. होलभोवती हिरवळ टिकायची नाही, म्हणून तिथे तेल शिंपडून दाबलेली वाळू असायची. तिला 'ब्राउन' म्हणत. प्रत्येकीनंतर त्यावरची पावलं फळीने पुसून सारखी करायची आणि मग पुढचीने खेळायचं. इंग्रज बायका निघून गेल्यावर बायकांच्या खोलीत एक कपाट आणि त्यात नियमांचं एक पुस्तक एवढंच उरलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत आम्ही खेळायचं, नऊ वाजता पुरुष आले की बाजूला व्हायचं. आम्ही सभासदांच्या बायका होतो, सभासद नव्हतो. एकदा क्लबच्या कमिटीने आमचा शुक्रवार काढून घेतला, तोही आम्हांला न सांगता. आम्ही सकाळी सहाला पोचलो आणि फाटकावरच्या माणसाने हात आडवा केला. अक्कांनी बूट सोडले, हातात घेतले आणि अनवाणी गाडीकडे गेल्या. त्या महिन्यात आमची असोसिएशन झाली.

असोसिएशन म्हणजे आम्ही अकरा जणी. अक्का कॅप्टन, मी चिटणीस, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मला याद्या करायची सवय होती. अक्कांचं म्हणणं साधं होतं. क्लब कुणाचाही असो, आपला खेळ आपण मोजायचा, आपले हँडिकॅप, म्हणजे कुणाला किती फटक्यांची सूट, ते आपण ठरवायचे, आणि दक्षिणेतल्या दुसऱ्या गावांच्या बायकांशी आपणच पत्रव्यवहार करून सामने लावायचे. नियमही त्यांनीच लिहिले. त्यातला पाचवा असा होता: प्रत्येक सभासदाला सभेच्या दहा दिवस आधी लेखी नोटीस गेली पाहिजे. एकीलाही गेली नाही, तर ती सभा झालीच नाही असं समजावं. मी म्हटलं, "अक्का, हे जरा कडक नाही का?" त्या म्हणाल्या, "फाटकावर कळलें तेव्हां कसें वाटलें तुज?"

पण सभा भरवायची कुठे? क्लबच्या व्हरांड्यात आम्हांला नवऱ्याशिवाय बसता येत नव्हतं. घरी भरवायची, तर प्रत्येकीच्या घरी सासू. दुपारी चार वाजता अकरा बायका कशासाठी जमतात? उत्तर अक्कांनीच काढलं. शुक्रवारचं हळदीकुंकू. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त तमिळ, एक-दोन मल्याळी, एक तेलुगू. पण शुक्रवारी सवाष्णींना बोलावून कुंकू आणि विड्याची पानं द्यायला कुठल्याच सासूची हरकत नव्हती. मग मी कार्डं लिहायची. पुढच्या बाजूला ज्या त्या घरच्या भाषेत, अक्कांनी दिलेल्या कित्त्यावरून, 'शुक्रवारी चार वाजता हळदीकुंकवास अगत्य यावे' आणि मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत सभेचे विषय, एक, दोन, तीन. सासूबाई पुढची बाजू वाचायच्या, सुना मागची. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. हळद-कुंकू लावायचं, गजरा द्यायचा, सुंडल, म्हणजे चण्याची उसळ, खायची, आणि मग दार लोटून घेऊन हँडिकॅपवरून कडाकडा भांडायचं.

चौथ्या वर्षी पावसाळा संपता संपता अक्कांचे यजमान गेले. कोर्टातून आले, खुर्चीत बसले आणि बूट काढायच्या आतच गेले. पंचेचाळीस-सेहेचाळीसचे असतील. आम्ही सगळ्या जणी भेटून आलो. मी तेव्हा अक्कांच्या शेजारी तासभर बसले. त्यानंतर मंगळवारी आम्ही त्यांच्याशिवाय खेळत राहिलो, आणि पोंगल झाल्यावर बंगलोरच्या बायकांचं पत्र आलं. मद्रासच्या चार जणींनी त्यांच्या चार जणींशी सामना खेळायला यावं. अक्का ज्याची चार वर्षं वाट बघत होत्या ते आमचं पहिलं बाहेरगावचं आमंत्रण. नावं अमुक बुधवारच्या आत पोचली पाहिजेत, नाहीतर त्या दुसऱ्या गावाला विचारणार होत्या.

मी सभेची कार्डं लिहायला बसले. दहा कार्डं. नऊ लिहून झाली, दहावं अक्कांचं. 'शुक्रवारी चार वाजता हळदीकुंकवास' एवढं लिहिलं आणि माझा हात थांबला. सासूबाई समोर वाती वळत होत्या. त्यांनी विचारलं, "कुणाचं गं?" मी सांगितलं. त्यांनी वात खाली ठेवली. "तिला कुंकवाचं बोलावणं धाडतेस? तीन महिने नाही झाले. काही आहे का नाही तुला?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना कार्डाची मागची बाजू ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती. मी साधा कागद घेऊन फक्त मागची बाजू लिहून पाठवू शकले असते. पण मग वाटलं, सगळ्यांना कार्ड आणि त्यांना एकटीला कागद, म्हणजे तू आता वेगळी असं सांगण्यासारखंच. मग वाटलं, आपण जाऊन समक्ष सांगू. मग वाटलं, समक्ष काय सांगणार... असं करत ते कार्ड मी सभेच्या पुस्तकात घातलं आणि नऊ कार्डं पेटीत टाकून आले. मी हे दयेपोटी केलं असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी घाबरले होते.

सभा माझ्याच घरी झाली. मला धरून दहा जणी जमल्या. कुंकू झालं, गजरे झाले. मी हजेरी लिहिताना पेन हातात धरून क्षणभर थांबले, की आता कोणीतरी विचारील, अक्का कुठे? कोणीही विचारलं नाही. मिसेस नायर म्हणून आमच्यात एक मिलिटरीतल्या डॉक्टरांच्या पत्नी होत्या, फार तडफदार, खेळायच्याही छान. कोणीतरी म्हणालं, सध्या कॅप्टन यांनाच करू या. सगळ्या हो म्हणाल्या. चार नावं ठरली, त्यात माझंही होतं. मी शनिवारी ती बंगलोरला पाठवूनही दिली. कामं झाली होती, यादीतल्या सगळ्या ओळींवर रेघ मारली होती. अक्कांचं अर्धं कार्ड मात्र अजून पुस्तकातच होतं.

मंगळवारी अक्कांचं पत्र आलं. इंग्रजीत, दोनच ओळी. चिटणीसबाईंस, शुक्रवारी आपल्याकडे काही जणी जमल्याचं कळलं. मला नोटीस नसल्यामुळे ती सभा नव्हती. तसं आपण लेखी कळवावं.

त्या दिवशी मी जेवले नाही. पत्र मी किती वेळा वाचलं असेल. खाली सही नेहमीचीच होती, आणि कॅप्टन हा शब्दही. सभा नव्हती म्हणजे निवड नव्हती, नावंही नव्हती, आणि ती नावं तर मी पाठवून बसले होते. नव्या सभेला दहा दिवसांची नोटीस लागणार, आणि हातात होते आठ दिवस. माझ्यामुळे असोसिएशनचा पहिला सामना जाणार होता. आणि ज्या बाईने मला या गावात उभं राहायला शिकवलं, तिला मी तिच्याच असोसिएशनच्या फाटकावर अडवलं होतं. आजोबा कचेरीतून आले तेव्हा मी पत्र त्यांच्या पुढे टाकलं. त्यांनी वाचून घडी घातली. "बाई कायद्याने बरोबर आहे," ते म्हणाले.

"ते मलाही कळतंय हो! मी काय करू ते सांगा."

"तिच्याकडे जा."

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"जे आहे तेच ने. दुसरं कुठून आणणार?"

आधी मी बंगलोरला तार केली, पाठवलेली नावं मागे घेतली आहेत, नवी येतील. मग बुधवारी बसने नुंगंबाक्कमला गेले. इथे कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. पण काय न्यायचं? फुलं नाहीत, पानं नाहीत, हळद नाही... बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, आपल्याला त्यांच्या घरी न्यायला एकही वस्तू सुचत नाही. शेवटी सभेचं पुस्तक तेवढं छातीशी धरून गेले. दार अक्कांच्या सासूबाईंनी उघडलं. पांढऱ्या लुगड्यातली, वाकलेली म्हातारी, पण आवाज खणखणीत. "ये गे. कापी घेशील?" आणि मी नको म्हणायच्या आत आत ओरडून, "रुक्मिणी! तुझी चिटणीस आली. रडेलसें दिसतें!"

अक्का बाहेर आल्या. मला त्यांच्या कपाळाकडे बघवेना, म्हणून मी त्यांच्या हातांकडे बघितलं. आमच्या सगळ्यांचा डावा हात गोरा आणि उजवा रापलेला असायचा, कारण मोजा डाव्या हातात. आम्ही त्यावरून एकमेकींना चिडवायचो. अक्कांचे दोन्ही हात आता एका रंगाचे झाले होते. तीन महिने त्या उन्हात गेल्याच नव्हत्या.

"कां पाठविली नाहींस?" त्यांनी विचारलं.

"अक्का, कार्डावर हळदीकुंकू लिहायचं... मला वाटलं, तुम्हांला काय वाटेल..."

"मज काय वाटेल तें मज वाटूं दे की. तूं कां माझ्याकरितां वाटून घेतलेंस?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. कॉफी आली, ती त्यांनी पेल्यातून वाटीत ओतून निववली आणि माझ्यापुढे ठेवली. मग शांतपणे म्हणाल्या, "ते गेले गे. मी नाहीं गेलें. कुंकू नको मज. नोटीस पाहिजे."

आतून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "मज पंचवीस वर्षें कोणी कशाची नोटीस दिली नाहीं. हिला द्या." मला वाटतं, अक्कांना तोपर्यंत हसू आलं नव्हतं. तेव्हा किंचित आलं.

नियमांतून वाटही त्यांनीच दाखवली. सगळ्या अकरा सभासदांनी लेखी संमती दिली तर दहा दिवसांची अट सोडता येत होती. पण एकही सही कमी चालणार नाही आणि कारण लिहिलं पाहिजे. मी तिथेच बसून मसुदा केला: 'चिटणिसांच्या नजरचुकीने कॅप्टनना नोटीस गेली नाही.' अक्कांनी वाचला आणि 'नजरचुकीने' या शब्दावर रेघ मारली.

"नजर चुकली नव्हती तुझी. कार्ड लिहिलें होतेंस ना?"

"अर्धं."

"मग जें झालें तें लिही."

तेव्हा मी लिहिलं की कॅप्टन विधवा झाल्यामुळे चिटणिसांनी त्यांना नोटीस पाठवली नाही. कागद इंग्रजीत होता तरी तो शब्द लिहिताना माझं अक्षर बिघडलं. अक्कांनी खाली पहिली सही केली, दुसरी मी, आणि म्हणाल्या, "आतां नऊ घरें. तूंच जायचें. टपालानें नको."

पुढचे पाच दिवस मी नऊ घरं फिरले. त्या दिवसांत मला झोप लागली असेल असं वाटत नाही. प्रत्येकीने कागद वाचेपर्यंत तिच्या चेहऱ्याकडे बघत उभं राहायचं. कोणी वाचताच सही केली आणि मला बसही म्हटलं नाही. कोणी म्हणालं, "हे सगळं लिहायची काय गरज होती?" मिसेस नायर यांनी मात्र तो दोनदा वाचला. ज्या कागदाने त्यांचं कॅप्टनपद जाणार होतं तो त्यांच्या हातात होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "यात एकट्या चिटणिसांचंच नाव का? मीही होते की त्या खोलीत." मग माझ्या वाक्याच्या खाली त्यांनी आपल्या हाताने एक ओळ वाढवली: 'आणि हजर असलेल्यांपैकी कोणीही त्यांच्याबद्दल विचारलं नाही.' आणि त्याखाली सही केली. नंतर ज्यांनी ज्यांनी कागद वाचला त्यांना ती ओळही वाचावी लागली. त्यामुळे सह्या सोप्या झाल्या की अवघड, मला अजून ठरवता येत नाही.

शेवटची सही राहिली ती टी. नगरच्या मिसेस शेषाद्रींची. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते, आत साड्यांची गाठोडी उघडी. त्यांनी दारातूनच कागद वाचला आणि तो परत माझ्या हातात कोंबला. "माफ करा. लग्नघर आहे. तो शब्द मी घरात आणणार नाही." त्या दुष्ट नव्हत्या. मुलीच्या आईचा जीव किती टांगलेला असतो ते मला पुढे तुमच्या आईच्या लग्नात कळलं. मी शनिवारी गेले, रविवारी गेले, दोन्ही वेळा फाटकावरूनच परत. सोमवारी सकाळी पुन्हा गेले. मंगळवारी सभा, बुधवारी बंगलोरची मुदत. या वेळी मी कागद बाहेरच काढला नाही. नुसती म्हणाले, "घरात नको. तुम्ही बाहेर याल का?"

त्यांनी चपला घातल्या, फाटक उघडलं आणि त्या रस्ता ओलांडून पलीकडे आल्या. तिथे एक सायकलरिक्षा उभी होती, रिक्षावाला बिडी ओढत होता. रिक्षाच्या सीटवर कागद ठेवून मिसेस शेषाद्रींनी सही केली. पेन मला परत देताना म्हणाल्या, "अक्कांना सांगा, रिसेप्शनला जरूर यावं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "नाही... थांबा. मी कार्ड पाठवीन." पाठवलं त्यांनी. ते मला नंतर कळलं.

सभा मंगळवारी सकाळी मैदानावर झाली, पहिल्या होलच्या बाजूच्या झाडाखाली, बाकांवर. घर नाही, सासू नाही, हळद नाही. अक्का एकट्या आल्या. नऊवारी होती, फिकट निळी. आम्ही सगळ्या आपापल्या बुटांकडे बघत होतो. त्यांनी सभेचं पुस्तक उघडलं, माझ्या शुक्रवारच्या पानावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "सुरू करूं." मिसेस नायर उठल्या आणि त्यांनी कॅप्टन म्हणून अक्कांचं नाव सुचवलं. सगळ्यांचे हात वर. मग चार खेळाडूंची निवड आली. कोणीतरी हळूच म्हणालं, पहिलं नाव अक्कांचं. त्यांनी मान हलवली. "तीन महिने माझें फटक्यांचें कार्ड नाहीं. ज्याचें कार्ड नाहीं त्यास संघांत घेतां येत नाहीं. नियम सात." म्हणजे इतकं सगळं करून त्या सामन्यात खेळणारच नव्हत्या! मला तेव्हा ते इतकं लागलं की मी मध्येच बोलले, "मग अक्का, कशासाठी..."

"न येण्याचें मी सांगेन," त्या म्हणाल्या. "तुम्हीं नाहीं सांगायचें."

चार नावं त्यांनी स्वतः वाचली, त्यात मिसेस नायर पहिल्या, आणि तार करायलाही मिसेस नायरच गेल्या. बंगलोरला आम्ही पाच जणी गेलो, चार खेळायला आणि एक कॅप्टन. आम्ही हरलो, सपशेल. मी तर शेवटच्या होलवर वाळूवरचा सोपा फटका चुकवला. अक्का दिवसभर उन्हात आमच्याबरोबर चालल्या. परतताना गाडीत त्यांनी आपला डावा हात खिडकीशी धरून बघितला, मग उजवा, आणि म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारीं माझें कार्ड कोण लिहिणार?" मी म्हटलं, "मी."

त्यानंतर हळदीकुंकवाची कार्डं मी कधी लिहिली नाहीत. साधी पोस्टकार्डं, एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला विषय. सासूबाईंनी एकदा विचारलं, "यंदा हळदीकुंकू नाही का तुमचं?" मी म्हटलं, "मीटिंग आहे." त्या म्हणाल्या, "बरं. मग भजी करू का?" किती सोपं होतं ते, आणि मी चार वर्षं घाबरत होते. पुढे कोइंबतूरच्या बायका आल्या, उटीच्या आल्या, अकराच्या तीसेक झाल्या. आमच्या मुलींच्या वयाच्या पोरी पँट घालून खेळायला लागल्या आणि अक्का त्यांना नियमांची तोंडी परीक्षा घेऊन रडवायच्या. अक्कांनी त्या शुक्रवारचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही. त्यांनी मला माफ केलं होतं का, हे विचारायचं मनात अनेकदा आलं. पण विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, नियमांत माफीचा विषय कुठे आहे...

परवा मी वसुधाकडे गेले. बंगला केव्हाच गेला, आता त्याच जागेवर इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांची जागा. अक्कांच्या खोलीत पलंग, टेबल आणि एक खुर्ची. वसुधा माझ्याशी नजर मिळवत नव्हती. कॉफी झाल्यावर तिने टेबलाच्या खणातून एक कागद काढला. "मावशी, हा अम्मांनी लिहून ठेवलेला. मला परवा सापडला, सगळं झाल्यावर. आधी मिळाला असता तर मी नीलाचं ऐकलं नसतं."

कागदावर वर लिहिलं होतं, 'कळविणें'. खाली एक ते चौदा आकडे, चौदा नावं, प्रत्येकापुढे फोन नंबर. अक्षर कापरं, पण ओळी सरळ. वसुधाने ज्यांना ज्यांना कळवलं होतं त्यांच्यापुढे खूण केली होती. दोन ते चौदा, सगळ्यांपुढे खुणा होत्या. पहिलं नाव माझं. त्याच्यापुढे खूण नव्हती, पण अक्कांच्या हातची एक ओळ होती:

'घाबरट आहे. तरी हिलाच आधीं सांगणें.'

मी वसुधाकडून पेन मागून घेतलं आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'कळलं.'